हॉलंडची पंगत

“मंगळवारचा सामना आपुन जिंकला!” असं नंदाबाईनं रविवारी सकाळीच जाहीर करून टाकलं.

सामना अजून दोन दिवस लांब होता. पण नंदाबाईनं सांगितलं म्हणजे ते झालंच, असा बदनापूरजवळच्या त्या मोसंबीच्या मळ्यातला कायदा होता. तिच्या नवऱ्यानं तो चाळीस वर्षं पाळला, आता मुलगा रामप्रसाद पाळत होता, आणि गोठ्यातली गायसुद्धा नंदाबाईचा आवाज आला की रवंथ थांबवून उभी राहायची. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. दुसरीत मास्तरांनी छडी उगारली, तिनं ती हिसकून घेतली आणि त्यांच्याच टेबलावर आपटली. शाळा तिथंच संपली! मास्तर मात्र पुढं बरीच वर्षं तिला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूनं जायचे.

आता सामना कसला, तर हॉकीचा. संभाजीनगरला सात-आठ देशांची अठराच्या आतली पोरं खेळायला आली होती, आणि आपल्या देशाच्या संघात नंदाबाईचा नातू होता. हरिओम! दहा वर्षांचा असताना तो क्रीडा प्रशिक्षणाच्या वसतिगृहात गेला आणि तेव्हापासून दिवाळीचे चार दिवस सोडले तर घराला पारखाच झालेला. त्याचं काम गोल अडवायचं. पण तो दोन नंबरचा गोलकीपर. म्हणजे पहिला गोलकीपर खेळायचा, आणि हा बाहेर बसून त्याचं पाणी सांभाळायचा.

त्याच दुपारी त्याचा फोन आला.

“आजी, पहिल्याचं बोट मोडलं. मंगळवारी मीच उभा राह्यणार. सेमीफायनल हाय.”

“मोडलं का? देवच पावला!”

“आजी, असं बोलू नको गं! अन् ऐक. निवड करणारे साहेब येऊन राह्यले. चांगला खेळलो तर बंगळूरच्या शिबिरात घेतेत. न्हाई तर सामान बांधून घरी. सात वर्षं पाण्यात!”

“समोर कोण हाय?”

“हॉलंड. त्यांनी चार सामन्यांत एकोणीस गोल केलेत.”

एवढं बोलून पोराचा आवाज असा बारीक झाला, की नंदाबाईनं फोन कानाला घट्ट दाबला. फोन ठेवला आणि ती गोठ्याकडं बघत बसली. हॉलंड तिला माहीत होतं! गोठ्यातली काळी-पांढरी गाय त्याच मुलखातल्या जातीची, असं जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. वीस लिटर दूध, दारातून आत येताना चौकट हलवायची, आणि जरा ऊन लागलं की जीभ बाहेर काढून बसायची. त्या मुलखातली पोरंही तसलीच थोराड असणार!

इतक्यात अंगणात मोटारसायकल थांबली. सोमेश्वर आला होता. हा गावच्या नात्यातला, शाळेत शिक्षक, आणि स्पर्धेच्या पाहुण्यांची सरबराई त्याच्या गळ्यात पडलेली. तो रामप्रसादला म्हणाला, “भाऊ, अडचण झाली. सोमवारी सुट्टी हाय सामन्याला. एका पाहुण्या संघाला खेडं दाखवायचं ठरलं होतं, पण ज्याच्या मळ्यात नेणार होतो तो लग्नाला निघून गेला. अर्धा तास तुमच्याकडं आणू का? मोसंबीची बाग दाखवू, ज्यूस पाजू, झालं.”

“कोणता संघ?” रामप्रसादनं विचारलं.

“हॉलंड.”

स्वयंपाकघरात तवा खणकन वाजला. नंदाबाई पदर खोचत बाहेर आली.

“ज्यूस? सात समुद्रावरून आलेल्या माणसाला ज्यूस पाजून वाटंला लावायचं? जेवून जातील!”

“आजी, त्यांचं जेवण ठरलेलं असतंय. उकडलेलं चिकन, उकडलेल्या भाज्या…”

“सोमेश्वर, तुझ्या बापाच्या लग्नात पंगत मी वाढलीय. मला शिकवू नको. उद्या बारा वाजता पानं मांडते!”

सोमेश्वरला बाईंचं मन मोठं वाटलं. तो जवळजवळ डोळे पुसत गेला. त्याची मोटारसायकल फाट्यापर्यंत पोचली नसेल, तोवर नंदाबाईनं सुनेला, साधनाला, जवळ बोलावलं.

“साधना, पाच किलो डाळ भिजू घाल. पुरणपोळी, वाटीभर तूप, गुळवणी, आमटी, भजी, कुरडया. अगं, खाल्ल्यावर माणूस दोन दिवस शुद्धीवर येत न्हाई! तुझे सासरे बांधाच्या दाव्याच्या तारखेला पुरणपोळी खाऊन निघाले अन् बदनापूरच्या स्टेशनावर बाकड्यावर बसले. तारीख गेली, तीन गाड्या गेल्या, डोक्याचा पटका बी गेला! तव्हा त्या पोरांचं काय होईल सांग?”

साधनाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “आत्याबाई… पाप लागंल.”

“जेवू घातल्याचं पाप? कोणत्या पोथीत लिव्हलंय ते दाखव मला!”

पोथी नंदाबाईला वाचता येत नव्हती, पण तो मुद्दा नव्हता.

सोमवारी बारा वाजता बस आली. माघाचं ऊन होतं, अंगावर शाल घ्यावी की टाकावी हे कळू नये असं. मोसंबीला आंब्या बहाराचा फुलोरा लागलेला. सगळ्या मळ्यावर त्या पांढऱ्या फुलांचा वास असा तरंगत होता, की बसमधून उतरलेली अठरा पोरं आणि त्यांचे चार मास्तर दोन पावलं चालले आणि उभेच राहिले. कोणी बोलेना. मधमाश्या तेवढ्या गुणगुणत होत्या.

“बोलत काहून न्हाईत? मुकी हायेत का?” नंदाबाईनं नातीला विचारलं.

“आजी, त्यांना वास आवडलाय,” तृप्ती म्हणाली. ही हरिओमची बहीण, जालन्याला कॉलेजात. इंग्रजीची सगळी मदार तिच्यावर होती.

त्यांच्यातलं एक पोरगं ज्वारीच्या ताटाएवढं उंच आणि केस कणसासारखे पिवळे. ते कोणाला न विचारता थेट गोठ्यात घुसलं! नंदाबाई धावली. बघते तर काय, तिकडच्या बोलीत तो गायीच्या कपाळावर हात फिरवून काहीतरी सांगतोय आणि जी गाय रामप्रसादला लाथ मारल्याशिवाय दूध देत नाही, ती डोळे मिटून त्याचा कोपर चाटतेय.

“त्याच्या घरी चाळीस गायी हायेत म्हणतो,” तृप्तीनं सांगितलं.

“माहेरचं माणूस भेटलं तिला,” नंदाबाई म्हणाली आणि स्वतःच जरा हळवी झाली. मग तिला एकोणीस गोल आठवले आणि ती ताडताड चुलीकडं गेली.

विहिरीजवळच्या चिंचेखाली पंगत बसली. त्या पोरांना मांडी घालता येईना. गुडघे कानापर्यंत यायचे. पण पहिली पोळी तुपात बुडवून तोंडात गेली आणि सगळे गुडघे आपोआप खाली आले!

आता घोटाळा इथं झाला. बसमध्ये सोमेश्वरनं त्यांना बजावून ठेवलं होतं, की या घरात ताटात काही टाकायचं नाही, आजीचा अपमान होतो. म्हणून पोरं ताट चाटूनपुसून लख्ख करत होती. आणि नंदाबाईच्या घरची रीत अशी, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर वाढणाऱ्या बाईची मान खाली जाते. ताट रिकामं झालं की हिनं वाढायचं, हिनं वाढलं की त्यांनी संपवायचं! दोन्हीकडची माणसं आपापल्या संस्कारांना चिकटून राहिली आणि पोळ्यांचं रहाटगाडगं सुरू झालं.

“आजी, ते ‘पुरे’ म्हणून राह्यलेत,” तृप्ती म्हणाली.

“पुरे म्हणणाऱ्याला दोन वाढायच्या असतेत. सांग त्यांला.”

तृप्तीनं सांगितलं. त्यांच्या मोठ्या मास्तरानं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तासाभरात साधना घामाघूम होऊन आली. “आत्याबाई, पुरण संपत आलं!”

“पाच किलोचं?”

“तो पिवळा आठव्या पोळीवर हाय!”

नंदाबाईनं आयुष्यात कोणापुढं हात पसरला नव्हता, त्यातून जावेपुढं तर नाहीच. पण लढाई ऐन रंगात आली होती. शेजारच्या मळ्यातून धाकटी जाऊ उषाबाई हिला बोलावणं धाडलं. उषाबाई तिच्या घरातली होती नव्हती ती सगळी डाळ घेऊन आली, सोबत जीभही.

“अक्का, नातवाच्या वैऱ्याला जेवू घालून राह्यल्या? मन लई मोठं झालं तुमचं!”

“तू कुकर लाव. मनाचं मी बघते.”

अडीच वाजता शेवटची पोळी गेली. साधनानं पातेलं बोटानं निपटून काढलं आणि उपडं घातलं. आणि मग, हळूहळू, मळ्यावर झोप उतरली.

पहिल्यांदा पिवळा गेला. चिंचेच्या बुंध्याला टेकला, गुणगुणणाऱ्या माश्यांकडं पाहून हसला आणि हसता हसताच त्याची मान कलली. मग त्याच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या मांडीवर तिसरा. सतरंजीवर, गवतावर, बैलगाडीच्या साटीवर, जिथं ज्याचा डोळा लागला तिथं तो आडवा. वाऱ्याची झुळूक आली, की मोसंबीची पांढरी फुलं त्यांच्या केसांवर गळायची आणि तशीच राहायची. ऊन चिंचेच्या पानांतून चाळून खाली पडत होतं. मोटेच्या जुन्या थारोळ्यात एक साळुंकी अंघोळ करत होती, तीही आवाज न करता. मोठा मास्तर खुर्चीतच गेला. त्याच्या ओठांत शिट्टी होती, ती तशीच राहिली. तो घोरला की शिट्टी बारीक वाजायची, आणि शिट्टी वाजली की दारचं कुत्रं उठून उभं राहायचं, कोणी हाक मारली म्हणून इकडंतिकडं बघायचं आणि पुन्हा अंगाचं वेटोळं करायचं.

सोमेश्वर रडकुंडीला आला. “आजी, चारला त्यांचा सराव हाय! उठवा!”

“झोपलेल्या माणसाला उठवू नये. चल हो बाजूला.”

तरी नंदाबाई एकदा त्या झोपलेल्या पोरांमधून फिरली. मनात म्हणाली, झालं काम! एकाचे पाय सावलीत येऊन गार पडले होते. त्यानं ते पोटाशी घेतले. नंदाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, आतून गोधडी आणली आणि त्याच्या अंगावर टाकली.

“वैरी हाय ना, आत्याबाई?” साधना म्हणाली.

“वैरी हाय. पण कुणाच्या तरी पोटचं हाय. तू भांडी घास.”

दिवेलागणीला ती पोरं उठली. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळांसारखे चेहरे! तृप्तीनं शिकवलं तसं एकेकानं वाकून नमस्कार केला. बस गेली. नंदाबाई समाधानानं म्हणाली, “बघच साधना. उद्या चालता येईल का त्यांला!”

मंगळवारी सगळं घर जीपमध्ये घालून नंदाबाई मैदानावर पोचली. उषाबाईही आली. “डाळ माझी हाय,” म्हणाली, “मला बी बघू द्या काय होतंय ते.” नंदाबाईनं नातवाचा खेळ आजवर एकदाही पाहिला नव्हता. वसतिगृहात धाडलं तेव्हा ती रागावली होती, आणि राग गेला तेव्हा सामने लांबच्या गावांना होते. आज पहिल्यांदा ती पायऱ्यांवर बसली. समोर निळं मैदान, पाणी शिंपडून ओलं केलेलं. एवढं मोठं, एवढं निळं आणि एवढं शांत, की काठावर बसून पाय सोडावेत असं वाटलं. टोकाला हरिओम उभा होता. अंगावर एवढं काही बांधलेलं, की घरातल्या सगळ्या गाद्या त्याच्यावर रचल्यासारख्या.

“तो बघ माझा वाघ!” नंदाबाई ओरडली.

शिट्टी झाली. नंदाबाईनं देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले. क्षणभरच. दोन दिवस चुलीपुढं काढलेली बाई ती, पाठीवर माघाचं उबदार ऊन…

काय खेळ झाला म्हणून सांगू! मैदान हळूहळू विहिरीच्या पाण्यासारखं हलू लागलं. हॉलंडची केशरी सदऱ्यांची पोरं त्यावर पडलेल्या मोसंब्यांसारखी तरंगत होती, गोल गोल, सावकाश. प्रत्येकाच्या बगलेत एक उशी. पिवळा काठी टेकत आला, चेंडूला म्हणाला, “पुरे, आजी,” आणि तिथंच आडवा झाला. चेंडू आपला लोण्याच्या गोळ्यासारखा घरंगळत हरिओमकडं गेला. हरिओमनं तो उचलला, खिशात घातला आणि बाजेवर बसला. कोणीतरी चांदीचा हंडा आणला. हरिओमनं तो डोक्यावर घेतला आणि पायऱ्या चढून आजीकडं यायला लागला. एकेक पायरी, एकेक पायरी. त्याच्या केसांत पांढरी फुलं होती…

“आजी! ऊठ गं! आजी!”

नंदाबाईनं डोळे उघडले. तृप्ती तिला गदागदा हलवत होती. सावल्या लांब झाल्या होत्या.

“काय झालं?”

“सामना संपला!”

“तीन-शून्य!” उषाबाई शेजारून म्हणाली.

“बघा! म्हणलं न्हवतं मी? तीन-शून्य!” नंदाबाई उठून टाळ्या वाजवू लागली. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. सगळ्या पायऱ्यांवर तीच एकटी टाळ्या वाजवत होती.

“अक्का,” उषाबाई गोड आवाजात म्हणाली, “तीन त्यांचे. शून्य आपलं.”

नंदाबाई मटकन खाली बसली. एवढ्यात भोंगा खरखरला. त्यांचा मोठा मास्तर माईकवर बोलत होता आणि सोमेश्वर शेजारी उभा राहून मराठीत सांगत होता. सांगताना त्याचा चेहरा उतरत चालला होता.

“ते म्हणतात… आमच्या हॉटेलाशेजारी मंगल कार्यालय हाय. चार दिवस डीजे. आमच्या मुलांच्या डोळ्याला डोळा न्हवता. आम्ही हा सामना हरणारच होतो. पण बदनापूरच्या एका आजीनं काल आम्हाला आईसारखं जेवू घातलं. आमची मुलं चार तास झोपली. आज त्यांच्या अंगात नवीन जीव होता. हा विजय… हा विजय ते आजीला देऊन राह्यलेत.”

टाळ्या कमी वाजल्या आणि माना जास्त वळल्या. तोवर ती केशरी पोरं पायऱ्या चढून यायलाही लागली! पिवळा सगळ्यात पुढं. अठराच्या अठरा पोरं रांगेत, एकेक करून वाकली आणि भर मैदानात, साऱ्या हिंदुस्थानच्या डोळ्यांदेखत, नंदाबाईच्या पाया पडली.

“अक्का, आशीर्वाद द्या की,” उषाबाई म्हणाली. “फायनल हाय त्यांची परवा.”

काय करणार? पायावर डोकं आलं की हात आपोआप वर जातोच. नंदाबाई पुटपुटली, “सुखी ऱ्हावा,” आणि पदर पुढं ओढला. आता तो कपाळावरून थेट हनुवटीपर्यंत आला होता.

त्या पदराच्या आतून तिला खाली मैदानावर एकटा बसलेला हरिओम दिसत होता. शिरस्त्राण काढून ठेवलेलं, मान खाली. पोराची सात वर्षं! आपण ती तुपात बुडवून हॉलंडच्या ताटात वाढली! नंदाबाई तडक उठली. ती पायऱ्या उतरून, कठड्याला धरून, त्याच्याकडं निघाली. सगळं खरं सांगायचं ठरवून.

पण तिच्या आधी तिथं तीन साहेब पोचले होते. एकाच्या हातात कागद होता. तो म्हणत होता, “बावीस! बावीस फटके आले तुझ्यावर, एकोणीस अडवलेस. एवढा मारा मी गेल्या कित्येक वर्षांत एका गोलकीपरवर बघितला नाही. ती पोरं आज काय खाऊन आली होती कोण जाणे! ती जरा जरी ढिली पडली असती ना, तर तू कसला आहेस हे आम्हाला कळलंच नसतं. बंगळूरची तयारी कर. गाडी आज संध्याकाळचीच.”

हरिओमनं मान वर केली. नंदाबाईनं लगेच पदर मागं सारला. खांदे ताठ झाले. मागं वळून ती उषाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “म्हणून तर जेवू घातलं मी त्यांला! परीक्षा घ्यायची तर ताकदवान माणसाकडून घ्यावी.”

“व्हय का?” उषाबाई म्हणाली. “मंग झोपल्या काहून होत्या?”

नंदाबाईनं ते ऐकलं नाही. अशा वेळी तिला ऐकू येत नसे.

संध्याकाळी बंगळूरची रेल्वे धरायला जालन्याकडं जाताना संघाची गाडी मळ्यावर थांबली. पंधराच मिनिटं. हरिओम अंगणात आला, आईच्या गळ्यात पडला, बहिणीच्या डोक्यात टपली मारली आणि बाजेवर बसला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“झोप न्हाई का बाळा?” नंदाबाईनं विचारलं.

“कुठली झोप आजी? आम्ही त्याच हॉटेलात होतो. त्यांच्या वरच्या मजल्यावर.”

नंदाबाईनं उगाच बाजेची सुतळी सारखी केली.

“अन् चार दिवस उकडलेलं खाऊन जीव विटला. सगळं ऐकलं मी त्यांच्याकडून. अकरा पोळ्या खाल्ल्या म्हणे त्या उंच पोरानं. वर गोधडी पांघरलीस त्यांना.” हरिओमनं मांडी घातली आणि सात वर्षांपूर्वीच्या पोरासारखं पुढं बघितलं. “मला बी वाढ की गं पुरणपोळी. दोनच.”

नंदाबाई लगबगीनं आत गेली. साधना दारातच उभी होती, जमिनीकडं बघत. पातेलं उपडं होतं. डाळीचा डबा उपडा होता. उषाबाईच्या घरचाही डबा तिथंच होता, तोही उपडा. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

ती बाहेर आली. हात रिकामे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, गोठ्याकडं बघत उभी राहिली.

“काय झालं आजी?”

“बाळा,” नंदाबाई म्हणाली, “पुरण हॉलंडला गेलं.”